सोमवारची सही

डार्मश्टाट,
रविवार, १ फेब्रुवारी २००९

प्रिय अन्वी,

तुझा एसएमएस मंगळवारी आला आणि आज रविवार आहे. एवढे दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तू चिडली असशील. तुझं चिडणं मला चांगलं ठाऊक आहे, तीन वर्षं दर शनिवारी तुम्हा मुलींना बास्केटबॉल शिकवताना ते मी पाहिलंय. तू आधी गप्प होतेस आणि मग बॉल गरजेपेक्षा जोरात पास करतेस. माझ्या करंगळीला विचार. तुझा निरोप एका ओळीचा होता: पापा नाही म्हणाले, आणि म्हणाले, राजसदादानेसुद्धा सोडलंच ना. तो मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत वाचला. समोर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडं होतं. त्यानंतर त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, पण त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही, कारण त्याआधीही फारसं शिरत नव्हतं.

तुझ्या त्या स्पोर्टइंटरनाटची सगळी माहिती मी वाचून काढली. खेळणाऱ्या मुलींचं वसतिगृह, सकाळी गावातल्याच गिम्नाझिउममध्ये शाळा, दुपारी सराव, संध्याकाळी अभ्यास घ्यायला शिक्षक, आणि शेवटी परीक्षा इतर सगळे देतात तीच. म्हणजे शाळा सुटत नाही, फक्त घर सुटतं. साठ मुलींमधून सहाजणी घेतल्या आणि त्यांत तू आहेस. आईवडिलांच्या सहीचा फॉर्म तेरा तारखेपर्यंत तिथे पोचायला हवा. नाही पोचला तर सातवी मुलगी वाट बघत असणारच. हे सगळं तू घरी नीट सांगितलंस, आणि तुझ्या पापांनी, म्हणजे आमच्या मधूकाकांनी, त्यावर जे उत्तर दिलं त्यात माझं नाव होतं. मंगळवारपासून माझंच नाव मला टोचतंय.

इकडची खुशाली म्हणशील, तर माझं कौतुक चाललंय. सप्टेंबरपासून तेच चाललंय. इंडियन शॉपमध्ये तूरडाळ आणायला गेलो तरी कुणीतरी काका पाठ थोपटतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी त्यांच्या मुलाला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, हा बघ तो दादा, एवढा चांगला खेळायचा पण अभ्यासासाठी परत आला. तो मुलगा माझ्याकडे असं बघत होता की जणू मीच त्याचा बॉल लपवून ठेवलाय. बाबा रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत येतात आणि आल्झो, तर मग, आज काय शिकवलं, असं विचारून खुर्ची ओढून बसतात. स्वतः तीस वर्षं मेकॅनिकल इंजिनियर, त्यामुळे त्यांना खरंच ऐकायचं असतं. आई पुण्याला फोन केला की मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगते, आमचा राजस फार समजूतदार. मी दर गुरुवारी युनीच्या लीगमध्ये खेळतो. तिथे समोरच्या संघातला सेंटर मध्यंतरात सिगरेट ओढून येतो, आणि तरी आम्ही त्यांना हरवायला शेवटच्या मिनिटापर्यंत झगडतो. अन्वी, मला कोंडल्यासारखं होतं. कुणी रागावलं असतं, बंदी घातली असती, तर भांडता तरी आलं असतं. कौतुक करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

ऑगस्टबद्दल मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. युनीतून एक सेमिस्टर रजा घेऊन मी उत्तरेकडच्या त्या व्यावसायिक क्लबकडे चाचणीला गेलो, एवढंच तुला माहीत आहे. त्यांनी मला एका बेकरीवरची खोली दिली होती. पहाटे पाच वाजल्यापासून पावाचा वास यायचा आणि मी भुकेने जागा व्हायचो. दिवसातून दोनदा सराव. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांत हळू होतो. माझ्याहून डोकंभर उंच माणसं माझ्याहून चपळ कशी असू शकतात याचा मला राग यायचा. तिसऱ्या आठवड्यात मैत्रीचा एक सामना होता, कोचने मला चौदा मिनिटं खेळवलं आणि मी अकरा गुण केले. फार नाहीत. पण त्यातल्या एका पासबद्दल कोच नंतर चक्क हसला, आणि तो माणूस हसत नाही. तेरा वर्षांचा असताना मी पुण्याहून इथे आलो, तेव्हा मला जर्मनचं एक धड वाक्य येत नव्हतं आणि शाळेत बोलायची गरज नसलेली एकच जागा होती, ती म्हणजे बास्केटबॉलचा हॉल. त्या हॉलपासून इथवर आलो असं मला त्या दिवशी वाटलं, आणि वाटलं की माझं पुढचं सगळं आयुष्य असंच जावं. ते मी कुणालाही बोललो नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन वर्षांचा करार हातात ठेवला, चार पानी. कोच म्हणाला, घरी जा, वाचून घे आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत सही करून फॅक्स कर.

बाबांना मी फोनवर म्हणालो की करार आलाय, विचार करतोय, अर्थात शिक्षणाचंही बघायला हवं. हे शेवटचं वाक्य मी का जोडलं? त्यांना बरं वाटावं म्हणून. आपल्याकडे मोठ्यांशी बोलताना नकार असो की होकार, त्याच्यापुढे असं एखादं मऊ वाक्य ठेवायची सवयच असते. बाबांनी तेवढंच ऐकलं. आणि आनंदाच्या भरात मधूकाकांना सांगितलं, आणि मधूकाका आपल्या मंडळाचे सेक्रेटरी. शनिवारी गणपतीचा कार्यक्रम होता. मी तीन गाड्या बदलून दुपारी डार्मश्टाटला उतरलो, तसाच ब्यूर्गरहाउसमध्ये, गावाच्या सभागृहात, आलो. करार माझ्या खेळाच्या बॅगेत होता. बॅग मी चपलांच्या रांगेशेजारी ठेवली आणि प्रसादाच्या प्लेट्स लावायला लागलो. ठरवलं होतं की कार्यक्रम झाला की बाबांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, मला सही करायचीय.

आरती झाली, आणि काका माइकवर आले. तू तिथेच होतीस, परकर-पोलक्यात, नाचासाठी थांबलेली. काका म्हणाले की व्यावसायिक खेळाचं आमिष बाजूला सारून ज्याने शिक्षणाला प्राधान्य दिलं अशा आपल्या एका गुणी मुलाचा सत्कार आपण करणार आहोत. मी पण टाळ्या वाजवायला हात वर केले होते. माझं नाव आलं तेव्हा माझ्या हातात अजून खिरापतीचा चमचा होता. पुढचं सगळं तू पाहिलंस. शाल, नारळ, फोटो. शाल नवीकोरी होती आणि तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पहिल्या रांगेत बाबा रडत होते. मी त्यांना त्याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं, आजोबा गेले तेव्हा. मग काकांनी माइक माझ्या तोंडाशी धरला. मला वीस सेकंद मिळाले. त्या वीस सेकंदांत मी म्हणू शकलो असतो की काका, थांबा, गैरसमज झालाय. मी म्हणालो, खेळ दहा वर्षं साथ देतो, शिक्षण आयुष्यभर. कुठून आलं ते वाक्य कुणास ठाऊक. माझ्या डोक्यात ते त्याआधी कधीही नव्हतं. पण दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर तू मला एकच शब्द विचारलास, एश्ट? खरंच? एवढ्या माणसांत हे विचारणारी तू एकटी होतीस. आणि मी तुला म्हणालो, गेनाऊ, अगदी खरं. म्हणजे खोटं बोललो. त्या दिवशीचं माझं सगळ्यांत वाईट खोटं तेच, कारण बाकीच्यांनी मला विचारलंही नव्हतं.

रविवारी बाबांनी पुण्याला, नाशिकला, बडोद्याला, सगळीकडे फोन केले. सोमवारी सकाळी मी युनीजवळच्या कॉपी शॉपमध्ये गेलो. तिथे फॅक्स आहे. चार पानं टेबलावर ठेवली, पेन काढलं आणि बसून राहिलो. सही केली तर कुणी मला मारणार नव्हतं. पण बाबांना त्या सगळ्यांना पुन्हा फोन करावा लागला असता. काकांना फोटोचं काय करायचं ते ठरवावं लागलं असतं. आणि मला दोनशे माणसांसमोर घेतलेली शाल अंगावरून काढून परत द्यावी लागली असती. हे असं कुणी करतं का? मला तरी कुणी केलेलं माहीत नव्हतं. बारा वाजले, साडेबारा वाजले, आणि कोचचा फोन आला. मी त्याला सांगितलं की मला आधी पदवी पूर्ण करायचीय. तो म्हणाला, रेस्पेक्ट. म्हणजे त्यानेसुद्धा कौतुकच केलं.

मी यात बाबांना दोष देत नाही आणि मधूकाकांना तर नाहीच. माझं तोंड कुणी दाबून धरलं नव्हतं. तोंडात मूग धरून मीच बसलो. अभ्यासही वाईट नाही. मला मशिन्स आवडतात आणि मी पास होईन. माझ्या जागी क्लबने एक बर्लिनचा मुलगा घेतलाय. दर रविवारी मी इंटरनेटवर त्याचे आकडे बघतो. सामन्याला सरासरी सात मिनिटं. कदाचित मला पाचच मिळाली असती. कदाचित नाताळापर्यंत त्यांनी मला घरी पाठवलंही असतं, आणि मग मी पुन्हा हेच थर्मोडायनॅमिक्स घेऊन बसलो असतो. पण तेव्हा ते मी घेऊन बसलेलं असतं. आता ते माझ्यापुढे कुणीतरी आणून ठेवल्यासारखं वाटतं, आणि एवढा फरक एवढा मोठा असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

माझ्या त्या वीस सेकंदांच्या वाक्याचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहेच. मंडळाच्या दिवाळी पत्रकात ते चौकटीत छापलं गेलं आणि काकांनी ते कापून तुमच्या फ्रिजवर लावलं. संक्रांतीला तुमच्याकडे आलो तेव्हा गूळपोळी खात मी त्याच्यासमोरच बसलो होतो. मला वाटत होतं, हे माझं एकट्याचं दुखणं आहे आणि मी ते निभावून नेईन. कुणाचं काही बिघडत नाही. मंगळवारी तुझा एसएमएस आला तेव्हा कळलं की ते वाक्य आता तुला अडवायला वापरतायत. काकांची चूक नाही. त्यांनी एका मुलाचा निर्णय पाहिला आणि तो शहाणपणाचा वाटला. फक्त तसा निर्णय कुणी घेतलेलाच नव्हता.

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगतो. अन्वी, तुला मराठी सगळं कळतं, पण वाचता येत नाही. मला तुला जर्मनमध्ये पाच ओळींत हे कळवता आलं असतं, आणि तू ते वाचून फोन खिशात ठेवला असतास. म्हणून मुद्दाम असं लिहिलं, की तुला ते स्वयंपाकघरात नेऊन आईकडून मोठ्याने वाचून घ्यावं लागेल. तेव्हा नीतामावशी, मघापासून मी तुमच्याशीच बोलतोय. समोर बसून मला हे जमलं नसतं, तुम्ही आणखी एक पोळी वाढली असती आणि मी गप्प बसलो असतो. काका बाहेरच्या खोलीत असतील तर जरा आवाज चढवून वाचा. फॉर्मवर सही कराच असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला लांब पाठवणं सोपं नाही आणि ती तुमची मुलगी आहे. नाही म्हणायचं असेल तर तुमच्या स्वतःच्या कारणाने म्हणा, तिला समोर बसवून विचारून म्हणा. फक्त त्यात माझं उदाहरण देऊ नका. आणि हे ऐकल्यावर काका लगेच बाबांना फोन लावतील हे मला माहीत आहे. बाबांना यातलं अजून काहीही ठाऊक नाही. म्हणून घराबाहेर बसून लिहिलेलं हे पत्र मी आधी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे आणि मग घरी जाऊन त्यांना सांगणार आहे. आधी घरी गेलो, तर ते चहा घेऊन खुर्ची ओढतील, आणि पत्र माझ्या खिशातच राहील.

तुझाच, आणि मावशी, तुमचाही,
राजस