रस्त्यावर लोणी, ट्रॅकवर दगड

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नोंदी ठेवणार. काम मोठं आहे: गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर बदलणे. गाडी दोन सीटची, लाल, वयस्कर पण जातिवंत. शॉक असे हवेत की आठवडाभर रस्त्यावर लोणी आणि रविवारी रेस ट्रॅकवर दगड. बायकोला मणक्याचा त्रास. काल स्पीडब्रेकरवर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. सारांश: नीट शॉक बसल्याशिवाय ती या गाडीत पाय ठेवणार नाही. रास्त मागणी. आठवडाभरात काम फत्ते.

९ फेब्रुवारी
निर्णय जवळजवळ झाला. दोन कंपन्यांवर अडलंय.

१६ फेब्रुवारी
आता सात कंपन्यांवर अडलंय. ही प्रगतीच. ऑफिसात शॉकचा आलेख उघडून बसलो होतो, साहेब मागे येऊन उभे राहिले. तिमाहीची विक्री का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो. फार खाली-वर होतेय, म्हणाले. लक्ष घालतो म्हणालो.

बायको म्हणते, मूळ गाडीला होते तसलेच नवे आणून बसव, झालं. हसलो. तिचा अभ्यास नाही.

२१ फेब्रुवारी
मेकॅनिककडे गेलो. जाणकार माणूस. त्याची स्वतःचीही अशीच स्पोर्ट्स कार आहे. त्याच्या लग्नाआधीपासून विटांवर उभी आहे, कारण तो घाई करत नाही. त्याचं मत पडलं की शॉक नंतर, आधी गाडीतलं नको असलेलं वजन काढा. पटलं. शेजारची सीट तिथल्या तिथे काढली.

सीट घरी आणून खिडकीशी ठेवली. बायकोने पाठीसाठी बांधलेली छोटी उशी सीटला अजून तशीच आहे. बसायला फार छान. यापुढे विचार इथेच करायचा. बायकोने विचारलं, मग मी बसायचं कुठे? म्हटलं, हे तात्पुरतं आहे. ती बसने डॉक्टरकडे गेली. बसचे शॉक चांगले असतात, वजन भरपूर असल्यामुळे.

८ मार्च
शॉक आले! सोनेरी. प्रत्येकावर एक खटका: डावीकडे फिरवला की मऊ, उजवीकडे कडक. एका दगडात दोन पक्षी. चारही पार उजवीकडे फिरवले. बायकोला दाखवायला बोलावलं, तर ती पाठ शेकत पडली होती. संध्याकाळी दाखवीन.

९ मार्च
दाखवायचे राहिले.

१५ मार्च, ट्रॅकवरून आल्यावर
निकाल वरवर पाहता वाईट. मेहुणा सहज गंमत म्हणून आला होता, घरच्या गाडीने. मागे पोराची सीट आणि दोन छत्र्या. तो माझ्या पुढे गेला. कारणं: वारा, डांबर, माझं नाश्ता न करणं. मेहुणा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. हलका माणूस. छत्र्यांसकट.

२२ मार्च
बायको माहेरी गेली. मेहुणा न्यायला आला होता. पाठ बरी होईपर्यंत राहते म्हणाली, आणि जरा विचारही करायचाय म्हणाली. समजूतदार बाई. मलाही शांततेची गरज होतीच. आता शॉककडे पूर्ण लक्ष.

२९ मार्च
शॉककडे लक्ष लागत नाही. सकाळी सवयीने दोन कप चहा केला. दोन्ही प्यायलो. घर खायला उठतं. करमत नाही, हे स्पष्ट लिहितो. इथे वाचायला कोण येतंय?

२ एप्रिल
फोन केला. शॉकबद्दल सांगू लागलो, तर तिने मध्येच थांबवलं. म्हणाली की रविवारी ये, तुझ्याच गाडीतून घरी येईन, पण हे शेवटचं. या वेळीही माझा विचार झालेला दिसला नाही तर पुन्हा न्यायला येऊ नकोस. म्हटलं, तुला फुलासारखं नेतो.

रविवारी ट्रॅकवर मोसमातली शेवटची शर्यत आहे. नाव काढून टाकलं. मेकॅनिकने असं पाहिलं जणू मी धर्म बुडवला. बुडाला तर बुडाला.

४ एप्रिल, दुपार
चारही खटके पार डावीकडे. शेजारी मोकळी जागा भरपूर आहे, तिथे पातेलं काठोकाठ पाण्याने भरून ठेवलं आणि घरापासून सासुरवाडीपर्यंतचा सगळा खडबडीत रस्ता जाऊन आलो. थेंब सांडला नाही! डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी हेच शोधत होतो. काच पुसली, डॅशबोर्ड पुसला, तिच्या बाजूचं दार आतून-बाहेरून पुसलं. काही म्हणजे काही विसरलेलो नाही.

५ एप्रिल, संध्याकाळ
ती बॅग घेऊन खाली आली. मला आवडणारा निळा ड्रेस घातला होता. सासूबाई गॅलरीत, मेहुणा फाटकाशी. मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं.

आत पातेलं होतं.

मेहुण्याने हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हणालो की तासाभरात सीट घेऊन येतो, चार बोल्ट तर आहेत, मेकॅनिकला उठवतो. ती म्हणाली, राहू दे. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दार हळूच लावलं आणि बॅग उचलून वर गेली. बॅग उचलू नकोस, पाठ दुखेल, असं म्हणायला हवं होतं. ते घरी आल्यावर सुचलं.

परतीच्या रस्त्यात एकही खड्डा जाणवला नाही.

खिडकीशी, सीटवर बसून लिहितोय. उशी पाठीला बरोबर टेकते. इतके दिवस टेकतेय. तिला तिकडे लागत असेल. उद्या नेऊन देतो. बसने जाईन.