दादाच्या नऊ ओळी

३ मार्च, मंगळवार
शेवटी भोक सापडलं. आमच्या पाणीपुरवठ्याच्या डेटाबेसमध्ये माणूस शिरला की त्याचे अधिकार तपासले जातात. प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, शिरलं की कुणीच हटकत नाही. नकाशाच्या प्लगइनला कुणाचंही नाव द्या, ते घराचा पत्ता हातात ठेवतं. "सापडलंय तुला, आता निस्तर तूच," प्रमुख बाई म्हणाल्या.

५ मार्च
तपासणी लिहिली. काही दिवस ती अडवणार नाही; कुणी काय मागितलं, मिळायला हवं होतं की नाही, एवढंच लिहून ठेवील. चाचणीसाठी मला स्वतःला सगळे अधिकार दिलेत. नंतर काढायचे — विसरायचं नाही.

६ मार्च
यादीत नऊ ओळी दादाच्या. तो आमच्याच नकाशे विभागात आहे, पण नऊही वेळा त्याने एकच नाव शोधलंय. वहिनीचं. जानेवारीत ती गालावर वळ घेऊन गेली. "पत्ता मलाही सांगू नकोस," असं मीच तिला म्हटलं होतं.
नऊही वेळा उत्तर कोरं. पण नव्या नळजोडण्या सोमवारी डेटाबेसमध्ये चढतात; त्यात तिची असली तर?


८ मार्च
दादाला विचारलं. आठव्या वर्षी शाळेत गेले, तोवर तोच माझा मास्तर. अक्षरं, पाढे, पुढे कॉम्प्युटरसुद्धा त्याचाच.
"बरी आहे ना, एवढंच बघतोय." मग हसून, "आता तू माझ्या पाटीवर फुल्या मारणार का, मास्तरीणबाई?"
तो हसला की मी अजून सहा वर्षांची होते.

९ मार्च
प्रमुख बाईंना यादी दाखवली, दादाच्या ओळींसकट. तपासणीला आता अडवायला लावलं. पावणेअकराला नव्या जोडण्या चढल्या. अकराला दादाला नकार.

१० मार्च
दादा ताटावर बसला. आई वाढता वाढता, वर न बघता: "तुझ्या नावाने उघडतं का गं ते?"
खोटं बोलायचं नाही, हा या घरातला माझा पहिला धडा. "उघडतं," म्हणाले. "पण मी उघडणार नाही."
दादाने भात मागून घेतला.

११ मार्च
यादीत माझं नाव. सात पन्नास, नकाशाचं प्लगइन, वहिनीचा पत्ता — मंजूर. सात पन्नासला मी बसमध्ये होते. माझा पासवर्ड दादानेच लावून दिलेला, नोकरीच्या पहिल्या दिवशी. कधी बदललाच नाही.
दादा कामावर आलेला नाही. वहिनीला फोन लावलाय; नुसता वाजतोय, ती उचलत नाही.