चाळीस हजार वर्षांचा दादा

१४ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार कागदावरच मान्य कर, कंबर धरली आहे. बाकी इकडे ठीक. वहिनीचा खोकला कमी झाला का?

बातमी अशी की तुझं वय चाळीस हजार वर्षं निघालं.

गेल्या महिन्यात तू प्रयोगशाळेत आलास, गुहेत सापडलेलं मांडीचं हाड बघायचंच म्हणालास आणि मी नियम मोडून तुला आत नेलं. नंतर त्याच हाडाच्या भुकटीतून आम्ही डीएनए काढला. आमच्यापैकी कुणाचा त्यात मिसळला असेल तर कळावं, म्हणून सगळ्यांचा डीएनए नोंदवून ठेवलेला असतो. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "हा आदिमानव तुझा सख्खा भाऊ आहे."

मी म्हटलं, "स्वभाव जुळतो."

त्या हसल्या नाहीत. मग सगळं कबूल केलं. शिक्षा म्हणून तीन आठवडे फरशी पुसायची आहे.

हाडाचा वरचा थर खरवडून आतली भुकटी पुन्हा तपासली, तेव्हा खरा माणूस सापडला. त्याचा खापरपणजोबा निअँडरथल होता, म्हणजे पुढे नामशेष झालेल्या, भुवयांचं हाड पुढे आलेल्या वेगळ्याच मानवांपैकी. त्यांचा थोडा अंश आजही आपल्यात आहे. आत्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "तरीच तुझ्या काकाच्या भुवया तशा."

तुला शिंक आली, असं मी मॅडमना सांगितलं. तूही 'धूळ गेली' म्हणाला होतास. त्या खोलीत धुळीचा कण नसतो, दादा. तू विचारलंस, "बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले?" मी म्हटलं, "नाही." तू मास्क खाली ओढलास आणि हाडावर वाकून नाक पुसत राहिलास. मी उगाच टेबलावरच्या नळ्या नीट लावत उभी होते.

बोलले होते. दोन दिवस "आला का?" एवढंच विचारत होते. "फोन केलाय, येतोय," मी म्हणायची. केला नव्हता. इतकी वर्षं त्यांचं सगळं मी एकटीने निस्तरलं, तर शेवटी तरी ते माझ्या एकटीचे असावेत, असं वाटलं. तुला कळवलं ते सगळं संपल्यावर.

चौकशीसाठी तुझ्या गालाच्या आतला नमुना लागेल. पोस्टाने पाठवलास तरी चालतं. स्वतः आलास तर जे बोलशील ते खाली मान घालून ऐकेन.

माफी मागणारं वाक्य चार वेळा लिहून खोडलं, म्हणून नुसतीच

तुझी,
धाकटी