तिसऱ्या विद्यापीठाचा अर्ज

बाबांस,

१. प्रवेश परीक्षेत मला अठ्ठ्याण्णव टक्के पडले.
२. मी तीन विद्यापीठांच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांचा तक्ता केला. दोन ठिकाणी निम्मी फी माफ होती, तिसरीकडे फी आणि वसतिगृह, दोन्ही.
३. तिसरीकडचा अर्ज पोस्टात टाकायला तुम्ही नेलात.
४. महिन्याने म्हणालात, "नाही घेतलं गं तुला त्यांनी."

मागच्या सुट्टीत ते अर्जाचं पाकीट मला तुमच्या कपाटात सापडलं, तिकिटासकट. अर्ज केला तेव्हा आई नुकतीच गेली होती आणि घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं, हे मला कळतं. म्हणून पाकीट जागेवर ठेवलं आणि गप्प बसले.

काल धाकटीचा फोन आला. तिला माझ्यापेक्षा एक टक्का जास्त आहे. माझाच तक्ता पुढ्यात घेऊन बसली होती.

"तिसरी ओळ खोडली मी, ताई."

"का?"

"बाबा म्हणाले, तिथे ताईची डाळ शिजली नाही, तुझी काय शिजणार!"

मी तिला काही सांगितलं नाही. खरं तुम्ही सांगायला हवं. हे पत्र दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. तुमच्यावरच गेले म्हणायचं.

अर्जाची मुदत वीस तारखेला संपते. तिला खरं सांगितलंत का, ते अठरापर्यंत कळवा.

थोरली