मरीआईच्या राईत कोयता चालवण्याबद्दल

मी, तानुबाई भ्र. कै. माणिकराव कच्छवे, वय ६८, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी, मरीआईला स्मरून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. चष्मा नवा आहे, डोके जुनेच आहे. दोन्ही नीट चालतात.

१. राहते घर मुलगा महारुद्र यास. पुढल्या दाराची कडी बसव म्हणून तीन वर्षे सांगते आहे. आता स्वतःच्या घराची म्हणून तरी बसवावी.

२. माझ्या पाटल्या मुलगी राजेश्री हिला. मोडून नव्या करू नयेत, घटीत सोने जाते.

३. माझ्या नावची दीड एकर कडुलिंबाची राई, मरीआईच्या ठाण्यासह, सून सृष्टी हिला. महारुद्राला नाही. तो म्हणतो, "आई, समदे लिंब वाळायलेत, निलगिरी लावू, पाच वर्षांत पैसा." त्याने ती स्वतःच्या वाट्याच्या रानात लावावी.

सुनेलाच का, ते लिहिते. चार वर्षांमागे लिंबांचे शेंडे करपू लागले तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, रोग पसरायलाय. या फांद्या आत्ताच तोडून जाळाव्या लागतील." मी म्हणाले, "देवीच्या झाडाला कोयता? सून म्हणून आलीस का रोग म्हणून?" तिने कोयता खुंटीला लावला. आज सेहेचाळीसपैकी एकतीस लिंब वाळून उभे आहेत. चूक माझी. तोंडाने कधी कबूल केले नाही, म्हणून इथे लिहिते.

४. वाळलेली झाडे काढून तिथे उंबर, करंज, पळस, बेल, मोह आणि थोडे लिंबही लावावेत. बी आपल्याच शिवारातले घ्यावे. सगळी राई एका जातीची करू नये. घरात सगळ्यांना एकदम ताप आला तर पाणी कोण देणार? पोस्टातली माझी ठेव कुंपणाला आणि तीन उन्हाळे पाणी घालायला वापरावी. ठाण्याला फरशी बसवण्यात घालवू नये.

५. रोगट फांदी दिसली की सृष्टीने कोणालाही न विचारता तोडावी, आणि पुढच्या झाडाला लावण्याआधी कोयता जाळावर धरावा. पाप लागलेच तर मला लागो.

हे कलम मी ठाण्याची पूजा करणारे माझे चुलत दीर व्यंकटराव यांना साक्षीला बोलावून मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "वैनी, देवी कोपली तर?"

मी म्हणाले, "तिच्याकडं आधी मीच जाणार हाय. मी बोलते तिच्याशी. तुमी सही करा."

त्यांनी केली.

लिहून ठेवणार : तानुबाई भ्र. माणिकराव कच्छवे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, साक्षीदार :
१. व्यंकटराव कच्छवे (सही)
२. धम्मशीला वाव्हळे, अंगणवाडी सेविका (सही)

राणीसावरगाव, दि. १७ जुलै २०२५