उंबऱ्यावरची आडवी काठी

पडेगाव, छ. संभाजीनगर
१६ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला बाराखडी मीच शिकवली आणि तिचा पहिला उपयोग तू मला शिव्या द्यायला केलास, हे बरं नाही. फोन बंद असतो तो शिष्टपणानं नाही. कामाच्या वेळेत खासगी फोन नको, असं कंपनीनं लिहून दिलं आहे. बाकीचे घेतात म्हणे. मला धीर होत नाही.

काम पुण्याच्या कंपनीचं, पण बसायचं घरी. पंखे-कूलर बिघडले की लोक तक्रारी लिहितात, त्यांना नऊ ते सहा उत्तरं द्यायची. पहिले तीन महिने पारख. पंधरा मिनिटं लॅपटॉपला हात लागला नाही, की जागेवर नसल्याची खूण पडते. खुणा फार झाल्या तर नाव कमी. माझ्या सात पडल्या होत्या, सातही आईमुळे. ती म्हणते, एवढं शिकून शेवटी घरीच बसलीस ना, मग दूध बघ. मंगळवारी अकराला टँकर येतो. सुकेशनी रिकामीच असते, तेव्हा पाइप तिनं धरावा, असं गल्लीनं ठरवून टाकलं आहे. आज शेजारच्या लीलाबाईंचेही दोन ड्रम भरले आणि आठवी खूण पडली. अठरा मिनिटं पाण्याला गेले होते, असं मी साहेबांना लगेच कळवलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

पडद्यावर साहेब दिसले की मी उठून उभी राहते. शाळेची सवय. परवा ते म्हणाले की बसा, मला नुसतं भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय.

नोकरी गेली तर आईला कळणारसुद्धा नाही. ती आहे, हेच तिला पटलेलं नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
सुकेशनी

*

ता. सिल्लोड
२८ एप्रिल

चि. सुकेशनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला दोन दिस लागले, पर एकटीनं वाचलं. साहेब दिसला की उभी राहतीस व्हय? आन कुणी न इचारता अठरा मिनिटं सांगून मोकळी! लहानपणी बी तू अशीच. दुसऱ्याच्या बोरीची बोरं खायची आन किती खाल्ली ते मालकाला जाऊन सांगायची.

इकडं हिरीनं तळ गाठला, मका गेली. चार शेळ्या तेवढ्या ठेवल्यात. मी बरी हाय.

आता ऐक. तुझी आई धनगराच्या घरची हाय. तिचा बाप दिसभर लिंबाखाली बसून मेंढरं राखायचा, त्याला कुणी रिकामा म्हणलं का? आज तुमचं घर हाय ना, त्याच माळावर आमची मेंढरं बसायची. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी काठी आडवी टाकली की सख्खा भाऊ बी इचारल्याबिगर आत पाय टाकीत नव्हता. तू बोलून समजवायला जाऊ नको, तुला लगेच रडू येतं. दादाची, तुझ्या बापाची, काठी घे आन खोलीच्या उंबऱ्यावर आडवी टाक. वैनीला बरोबर कळंल.

फोन मातर बंदच ठेव. मला लिहायला लई बरं वाटतंय.

माया हाय ती हायच, मागायची गरज नाय.
तुझी आत्या,
बानाबाई

*

पडेगाव
१७ मे २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काठी टाकली. आई दूध बघायला सांगायला आली, उंबऱ्याशी थबकली आणि काठीकडे बघून मागं फिरली. तेव्हापासून चहाची कपबशीसुद्धा काठीपलीकडून सरकवते. दादा तर स्वतःच्याच घरात कुजबुजून बोलतात. मलाच अपराध्यासारखं व्हायला लागलं. म्हणून एका मंगळवारी टँकरचा आवाज आला तशी मी काठी ओलांडून बाहेर आले, तर आई ओरडली, की राखण सोडून कुठं निघालीस? मला आत पाठवून पाइप तिनंच धरला.

खुणा नवावर थांबल्या. काल साहेबांनी मला कायम केल्याचं कळवलं. चुकून माझ्या नावावर आलं नाही ना, हे मी विचारून घेतलं. नाही आलं. तू हसशील, हस.

पण खरी बातमी आजची आहे. दुपारी लीलाबाई आल्या आणि सुकेशनी दिसत नाही, म्हणाल्या. आईनं दारातूनच सांगितलं की ती कामावर गेलीय, सहाला येईल. मी आतच होते, चार हातांवर. सहा वाजेपर्यंत खोकलेसुद्धा नाही.

तुझा लोभ असाच चिडवत राहू दे.
तुझी,
सुकेशनी