ऑर्विलचे तीक्ष्ण कान

प्रिय डेलमार यास नेब्रास्काहून ऑर्विल स्टॅकपोलचा कडक सलाम.

तुझा गुडघा काय म्हणतोय? तुझ्या केंटकीत थंडी पडली का? आम्ही मजेत आहोत. म्हणजे लोरीन मजेत आहे असं मी धरून चाललोय, कारण बायको काय बोलते ते मला कित्येक वर्षं धड ऐकूच येत नाही. (तिला हे ठाऊक नाही. तू बोलू नकोस.)

व्हिएतनाममधली आपली उखळी तोफ तुला आठवत असेलच. तू गोळा सोडायचास, मी शेजारी, आणि कानात बोळा घालणाऱ्याला आपण बायल्या म्हणायचो. तेरा महिने! सुटताना डॉक्टरनं विचारलं, काही तक्रार? तक्रार करणाऱ्याचा मुक्काम आठवडाभर वाढतो, ही बातमी रांगेत आधीच पसरलेली. सगळी पलटण ठणठणीत निघाली. मला तर प्रश्नच कळला नव्हता. पुढच्यानं मान हलवली तशी मीही हलवली. झालं, कागदोपत्री माझे कान उत्तम.

घरी मी सोपा मार्ग काढला, सगळ्याला 'हो' म्हणायचं. परिणामी आमच्याकडे तीन शेळ्या आहेत आणि मी चर्चच्या गायकवृंदात आहे. (नुसतं तोंड उघडझाप करतो. पाद्रीबाबा म्हणतात, माझा आवाज सगळ्यांत छान मिसळतो.)

पण गेल्या गुरुवारी जेवताना लोरीननं माझा हात धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. डोळे भरले होते रे तिचे. मी म्हणालो, "मस्त झालंय, अजून थोडं वाढ." ती उठून ओसरीवर गेली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. काय म्हणाली असेल? विचारू तरी कसं?

म्हणून सरकारी कर्णयंत्रासाठी माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आता तूच सांग, आपल्यासारख्या मरीन सैनिकानं परीक्षेत नापास व्हायचं? समोरची बाई आवाज सोडताना तिचं कोपर किंचित हलायचं. टेहळणी काय फुकट शिकलो? एकही चुकवला नाही! बाई म्हणाल्या, या वयात असे तीक्ष्ण कान पाहिले नाहीत. (हे लिहून दिलं, म्हणून कळलं.) छाती काढून बाहेर आलो आणि गाडीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अर्ज अर्थातच फेटाळला.

तुझा,
ऑर्विल

ता.क. त्या तोफेपाशी माझे कान गेले, अशी तुझ्या सहीची साक्ष हवी. सोबतच्या सैनिकाचीच चालते. माझ्या शौर्याबद्दल दोन ओळी घातल्यास तर हरकत नाही.

ता.क. २. त्याआधी एक कर. लोरीनला सहज म्हणून फोन लाव, गुरुवारचं काढून घे आणि मला मोठ्या अक्षरात कळव.

ता.क. ३. डेलमारभाऊजी, मी लोरीन. पाकिटावर पत्ता घालायला हे पत्र माझ्याकडे आलं आणि मी ते वाचलं. फोन करू नका. गुरुवारी मी एवढंच म्हणाले होते, "ऑर्विल, तुला ऐकू येत नाही हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. निदान माझ्यापुढे तरी आता नाटक थांबव. या घरात मी एकटीच बोलतेय रे." साक्ष लवकर पाठवा. शौर्याचं काही लिहू नका.